धोंड्याच्या महिन्यातला मूकपट

यंदा धोंड्याचा महिना जेठात आला आणि ऐन लग्नसराई आडवी झाली. वर्ध्याचं ऊन तर सांगायलाच नको. दुपारी बाहेर पडावं तर चपलेचा तळ डांबराला धरून बसतो, आणि रिकाम्या रस्त्यावर एखादाच ऑटोवाला तोंडाला दुपट्टा गुंडाळून पेंगत असतो. मंगल कार्यालयांच्या फाटकांना कुलुपं लागलीत. माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत बँडची गाडी उभी आहे, वर निळी ताडपत्री आणि खाली सावलीला दोन बकऱ्या. या महिन्यात लग्न करायचं नाही, घर घ्यायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही. फक्त जावयाला बोलवायचं आणि खाऊ घालायचं. ज्यानं कोणी हे ठरवलं तो नक्की कोणाचा तरी जावई असणार.

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला धक्का बसायला नको. कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांच्या वाटण्या, बक्षीसपत्रं, फारकती दिवसभर माझ्या काचेखालून जातात, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं बरं राहिलेलं नाही. माझं लग्न झालं नाही, मी केलं नाही आणि कोणी विचारलंही नाही; यातलं ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. म्हणजे आमच्या घराला जावई एकच होता, माझ्या धाकट्या बहिणीचा, वैशूचा नवरा. तर या आठवड्यात गल्लीतल्या तीन बायकांनी मला विचारलं की धोंड्याले तुमच्याकडं कोण येऊन राह्यलं? विचारणारीला चांगलं ठाऊक असतं की कोणी येणार नाही. ठाऊक असतं म्हणूनच ती विचारते.

मागच्या खेपेला हा महिना श्रावणात आला होता. श्रावणाला श्रावण चिकटला आणि चातुर्मास लांबून पाच महिन्यांचा झाला. घरात सगळं ओलं. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नव्हते, काड्यापेटी ओढून ओढून गूल झिजायचं, दुकानातला कागद हवेनं फुगून मशीनमध्ये अडकायचा आणि मी मशीनला शिव्या घालायची. आणि घरभर अनारशाच्या पिठाचा तो आंबूस वास. आई तांदूळ भिजवते तेव्हा रोज पाणी बदलते आणि त्या तांदळाकडं कोणाला फिरकू देत नाही. त्या वर्षी तर तिनं पीठ असं जपलं जसं त्या डब्यात वैशूचं नशीबच भरून ठेवलंय.

वैशू अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली होती. किशोररावांनी, म्हणजे आमच्या जावयांनी, स्वतः गाडीवर आणून सोडलं होतं. हिंगणघाटला सरकारी खात्यात आहेत. बोलणं मऊ, शर्टाला कायम इस्त्री, आणि कोणाकडं बघताना किंचित डोळे बारीक करायची सवय, जणू समोरचा माणूस लहान अक्षरात छापलाय. आठ दिवसांत येऊन घेऊन जातो म्हणाले होते. आठ दिवसांनी फोन आला की घराला रंग लावून राह्यलो. मग त्यांच्या आईचा गुडघा. मग ऑडिट. मग फोन येणंच बंद झालं. वैशूनं केला तर उचलत, अगदी गोड बोलत, जेवली का विचारत, आणि ठेवून देत. भांडण नाही, मारहाण नाही, आरोप नाही. मारणाऱ्या नवऱ्याबद्दल बाई निदान चारचौघांत सांगू शकते. यांचं काय सांगणार? फोनवर जेवली का विचारतात, असं सांगणार?

वैशू सकाळी उठून अंगण झाडायची, तेही रस्त्याकडचं आधी, आणि झाडता झाडता हिंगणघाटच्या बाजूला बघायची. मला तिचा राग यायचा. रागावून मी बोलायचीही. मग रात्री ती माझ्याच बाजूला झोपायची आणि झोपेत माझ्या हाताला धरायची. आई मात्र निश्चिंत होती. तिचं एकच: धोंडा येऊ दे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही. जावई-मुलीला पाटावर शेजारी शेजारी बसवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाय पुजायचे, जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, की आपसूक नवरा-बायको एकाच गाडीवर बसून घरी जातात. वैशूलाही ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा. तिनं बॅग भरून खाटेखाली ठेवली होती, आणि मी झाडायला वाकले की ती दुसरीकडं बघायची.

किशोरराव येतो म्हणाले. शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी जेवून निघतो. निघतो म्हणाले की निघतो आम्ही म्हणाले, यावर आईनं आणि वैशूनं अर्धा दिवस चर्चा केली.

आता सिनेमाचं सांगते. आपल्या गावात सिनेमाच्या वेडाची एक मंडळी आहे, मास्तर, डॉक्टर, रिटायर लोक. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट मिळवला होता आणि तो दाखवताना पडद्यासमोर खराखुरा ऑर्केस्ट्रा वाजवायचा घाट घातला होता. पुण्याहून एक संगीत संयोजक आणला. व्हायोलिनवाले नागपूरहून आले. पण फुंकायची वाद्यं, क्लॅरनेट, ट्रंपेट, मोठे भोंगे, आणि ढोल-ताशे कुठून आणणार? चातुर्मासात लग्नाचा बँड रिकामाच बसलेला होता. त्यांना बोलावलं. कार्यक्रमाची पत्रकं माझ्या दुकानात निघाली, म्हणून मला चार पास मिळाले.

दुकानापासून हॉल जवळ, म्हणून मी तालीम बघायला दोनदा डोकावले. गंमतच होती. एकीकडं नोटेशनचे कागद स्टँडवर लावून बसलेले नागपूरचे व्हायोलिनवाले, दुसरीकडं आमचे बँडवाले, लुंगी, बनियन, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांना कागद वाचता येत नव्हते. त्यांचं सगळं बँडमास्तरच्या हातावर. मास्तरनं बोट वर केलं की गाणं बदलायचं, मूठ केली की थांबायचं. पुण्याच्या साहेबांनी त्यांना गाऊन दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते पाठ. पडदा मात्र तालमीत नव्हताच. चित्र साहेबांच्या लॅपटॉपवर, त्यांच्याच तोंडासमोर. तेच बघायचे आणि हात हलवायचे. शेवटाआधी एका जागी सगळ्यांनी जीव खाऊन वाजवायचं होतं. अजून जोरात, म्हणायचे, भिंती हलल्या पाहिजेत. हलतही होत्या.

हाच बँड वैशूच्या लग्नात होता. वरात आर्वी नाक्याकडून येत होती, नाचणारी पोरं घामानं निथळत होती, आणि समोरून एक मयत आली. मास्तरनं मूठ वर केली आणि सगळा बँड एका श्वासात गप्प झाला. वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली घेतली, रस्त्याच्या कडेला सरकले. मयत निघून गेल्यावरच पुन्हा सुरू. मयतीपुढं बँड वाजत नाही, ही त्यांची रीत आहे. नवरदेव कलेक्टर असो की मंत्र्याचा पोरगा, ती मोडत नाही. त्या दिवशी आई प्रत्येकाला सांगत फिरली होती की वरातीसमोर मयत येणं शुभ असतं. मी तेव्हाही म्हटलं होतं की असेल, ज्याची मयत त्याला विचारून घ्या.

शनिवारी किशोरराव आले. पावसातून आले तरी शर्टाची इस्त्री शाबूत. आईनं पाय धुवायला गरम पाणी दिलं, टॉवेल नवा, कप नवे. त्यांनी सगळं घेतलं, नको म्हणाले नाहीत. काही माणसांना आदर घेताना लाज वाटते, बोटं आखडतात. यांचा हात सरळ यायचा. वैशूनं चहा दिला तेव्हा त्यांनी तिला बारीक डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले की तब्येत सुधारली माहेरी. बस. नंतर फोन घेऊन बसले. त्यांच्याशी दोन शब्द एकटीनं बोलता यावे म्हणून वैशू स्वयंपाकघरातून बाहेर चारदा आली, आणि चारही वेळा आई तिच्या मागोमाग काहीतरी खायला घेऊन आली. मायेची बाई अशा वेळी शत्रूसारखी वागते आणि तिला कळतही नाही.

जावयाचं मन रमवावं म्हणून आईनंच सिनेमाला जायचं काढलं. हॉल भरलेला होता. छत्र्यांचं पाणी खुर्च्यांखालून वाहत होतं. कडेला मी, मग आई, मग वैशू, मग किशोरराव. दिवे गेले आणि पडदा उजळला.

मी सिनेमाची शौकीन नाही. पण खरं ते सांगते, पहिल्या पाच मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला. पडद्यावर पावडर फासलेले, काजळ घातलेले ते काळे-पांढरे चेहरे, ओठ हलतायत, आवाज नाही. आणि खाली अंधारात माणसं श्वास भरून फुंकतायत, घोडागाडी धावली की ढोल धावतोय, बाई रडली की व्हायोलिन. त्या दमट हवेत व्हायोलिनचा आवाजही जरा ओलसर झाला होता. आणि क्लॅरनेट! हाच म्हातारा दर लग्नात तीच चार गाणी वाजवतो, आणि इथं त्याच्या त्याच नळीतून असं काही निघत होतं की मला माझे बाबा आठवले, त्यांची खाकरायची पद्धत, त्यांचा तंबाखूचा डबा. मेलेली माणसं अशी विनाकारण येऊन बसतात. गोष्ट साधीच होती. एका पाटलाचा मुलगा भांडून घर सोडतो, मुलूखभर हिंडतो, बाप वाट बघतो, आणि मुलगा परत येतो तेव्हा बापाची तिरडी घराबाहेर निघालेली असते.

वैशू पार रंगून गेली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा मी तसा बघितला नव्हता. पडद्याचा उजेड तिच्यावर पडत होता आणि मांडीवर तिची बोटं ताल धरत होती. मुलगा परत निघाला, घोडा पळायला लागला आणि वाद्यं चढत गेली. ती जीव खाऊन वाजवायची जागा जवळ आली. खुर्चीचे हात थरथरत होते. शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येऊ नये इतका कल्लोळ, आणि त्या कल्लोळात माझ्या बहिणीला वाटलं असावं की हीच वेळ. घरी आई होती, चहा होता, फोन होता. इथं कोणाला काही कळणार नव्हतं. मी बघितलं, ती त्यांच्या कानाशी वाकली. तिनं ओरडून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण काय विचारणार ती? उद्या मला नेणार ना, याशिवाय तिच्याजवळ विचारायला होतंच काय?

किशोररावांनी मान तिच्याकडं वळवली. त्यांनाही त्या आवाजात ओरडावंच लागणार होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हा पडद्यावर तिरडी आली.

चार खांदेकरी, पुढं मडकं धरलेला माणूस, फुलं, धूर. बँडमास्तर बिचारा पहिल्यांदाच चित्र बघत होता. त्याच्यासमोर मयत आली आणि त्याची मूठ वर गेली. आयुष्यभर गेली तशीच. क्लॅरनेट, ट्रंपेट, भोंगे, ढोल, सगळं एका श्वासात गप्प. व्हायोलिनवाले गोंधळले आणि दोन-चार गज ओढून तेही थांबले. आणि त्या खचाखच भरलेल्या, पूर्ण शांत झालेल्या हॉलमध्ये माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा आवाज खणखणीत घुमला,

"तुले न्यायले कोण आलं? मी त जेवाले आलो."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. मूकपटात कोणीतरी बोललं होतं, आणि असं बोललं होतं! लोकांना काय माहीत कोण बोललं, कोणाला बोललं. बाल्कनीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावर तिरडी पुढं सरकतेय, पाटलीण छाती बडवतेय, तिच्या तोंडातून आवाज नाही, आणि खाली पाचशे माणसं पोट धरून हसतायत. वैशू त्यांच्या कानाशी वाकलेली होती ती तशीच राहिली. तिला सरळ बसायचं सुचेना. मी तिच्याकडं बघितलं आणि मग मधल्या खुर्चीवर बघितलं. आई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, सगळ्यांसारखी.

आईला एका कानानं कमी ऐकू येतं हे आमच्या घरात सगळे धरून चाललेले. काहीही विचारा, आधी आं? म्हणते. मी म्हटलं, सगळे हसतायत म्हणून ही हसतेय, हिला काही कळलेलं नाही. दुसरं काय म्हणणार?

तिरडी चौकटीबाहेर गेली. मास्तरनं मूठ उघडली आणि बँड जिथं थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला. पुण्याचे साहेब घामाघूम होऊन हात हलवत होते. नंतर कळलं, त्यांनी मास्तरला आत नेऊन फार झापलं. मास्तरनं एवढंच सांगितलं म्हणे की साहेब, मयत होती, मयतीपुढं कसं वाजवाचं? शंभर वर्षांपूर्वीच्या, खोट्या, पडद्यावरच्या मढ्याचा त्या माणसानं मान राखला. आणि तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की अंत्ययात्रेच्या दृश्याला संयोजकांनी योजलेली शांतता हा सगळ्या प्रयोगाचा कळस होता. साहेबांनी ते नाकारल्याचं काही माझ्या वाचण्यात आलं नाही.

त्या शांततेचा मी खूप विचार केला आहे. आमच्या घरात शांतता कधी नसतेच. मिक्सर, कुकर, टीव्ही, आईचं पारायण, माझी बडबड, काहीतरी कायम वाजत असतं. सगळ्याच घरांत वाजतं. त्याच्या आडोशाला माणसं एकमेकांना काय काय म्हणत असतील देव जाणे. ते वाजणं क्षणभर थांबलं तर किती संसार दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात झेरॉक्सला येतील! वैशूचं दुर्दैव एवढंच की तिच्या प्रश्नाचं उत्तर येताना वाजवणारा थांबला. थांबला नसता तर ते उत्तर तिनं एकटीनं ऐकलं असतं, आणि ती हुशार आहे, सकाळपर्यंत ते तिनं गिळलं असतं. आम्हाला सांगितलं असतं की पुढच्या महिन्यात नेतो म्हणाले.

सिनेमा सुटल्यावर बाहेर चहाच्या गाडीवर गर्दी होती. आजूबाजूच्या रांगेतल्यांनी किशोररावांना ओळखलं. एकानं पाठीवर थाप मारली, काय टायमिंग होतं भाऊ म्हणाला. दुसऱ्यानं हात मिळवला. मला वाटलं आता तरी या माणसाची मान खाली जाईल. छे! त्यांना ते आवडलं. आधी जरा अवघडले, मग हसले, मग तिसऱ्याला तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, थोडं रंगवून. वैशू माझ्या बाजूला छत्री धरून उभी होती. ते कोणाला बोललं गेलं हे त्या गर्दीत कोणालाच ठाऊक नव्हतं, हीच काय ती देवाची कृपा. किशोररावांनी तिला चहाचा ग्लास दिला. आणि तिनं घेतला.

घरी येऊन मी तोंड सोडणार होते. वैशूनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी बोटं उमटलेली होती. ती एवढंच म्हणाली,

"ताई, आईले नको सांगजो."

मी नाही सांगितलं. आई रात्री पुरणाची डाळ भिजवताना गुणगुणत होती. रविवारी पहाटेच उठून तिनं पुरणाचे धोंडे उकडले, अनारसे तळले. प्रत्येक अनारशाला छान जाळी पडली. आई स्वतः विधवा, म्हणून ओवाळायला शेजारच्या काकूंना बोलावलं. आपल्याच जावयाला ओवाळायला आपलाच हात चालत नाही, हाही एक आमचा थोरपणा. दोन पाट मांडले, भोवती रांगोळी. किशोरराव बसले. शेजारच्या पाटावर वैशू बसली, लग्नातला शालू नेसून. काकूंनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, लक्ष्मी-नारायण म्हणाल्या. नारायण पोटभर जेवले. धोंडे दोनदा मागून घेतले, तूप हवं तेवढं सांगून घेतलं, आणि कढी फार झकास झाली म्हणून आईची तारीफही केली. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस म्हणायचा. जेवायलाच आला होता.

मग तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा, असं वाण घेऊन ते उठले. आईनं वैशूकडं बघितलं, मग आतल्या खोलीकडं, जिथं बॅग होती. किशोररावांनी हेल्मेट घातलं. म्हणाले की पाऊस आहे, हिचे कपडे भिजतील, पुढच्या रविवारी गाडी करून येतो. आई म्हणाली, बरं झालं, पावसात नकोच. वैशू शालूतच ओट्यावर उभी होती. गाडी वळणापलीकडं गेल्यावर ती मला म्हणाली की सगळे हसले त्याचं काही नाही ग, पण आई हसली. मी तिला समजावलं की आईला ऐकू आलं नाही, ती बिचारी सगळ्यांचं बघून हसली. ते तिला पटलं. त्या दिवसापासून वैशूचं आईबद्दल मन साफ राहिलं ते त्या एका समजुतीवर.

पुढचा रविवार आला नाही हे काय सांगायचं. वर्षभरानं फारकतीचे कागद आले. त्यांची झेरॉक्स मीच काढली. किशोररावांचं दुसरं लग्न झालं, पुलगावकडची मुलगी आहे म्हणतात. म्हणजे यंदाचा धोंडा ते तिकडं खात असतील. खाऊ देत. वैशूला सेवाग्रामला मुलींच्या होस्टेलात नोकरी लागली. तिथंच खोली घेऊन राहते. पोरींवर ओरडते, हिशेबाला चोख आहे, जरा जाड झाली आहे आणि चष्मा लागला आहे. दर पंधरा दिवसांनी ऑटोनं येते, आईला औषधं आणते, तिच्या केसांना तेल लावून देते. आईशी ती माझ्यापेक्षा बरी बोलते. आणि वाक्य ऐकू आलेल्या पाचशे जणांत आपली आई नव्हती, हे ती मनातल्या मनात धरून असते. मला दिसतं ते.

परवाच्या रविवारी ती आली होती. बाहेर आग, आत कूलरची घरघर. आईनं न सांगता धोंडे केले होते. कोणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाली, महिना आहे, करायचे असतात. वैशू पाटावर बसली आणि आईनं तिला वाढायला सुरुवात केली. एक, मग अजून एक, मग तुपाची धार. वैशू बास म्हणाली. आईनं ऐकलं नाही. वैशू हसून म्हणाली की आई, मी काही जेवायला येत नाही, तुला भेटायला येते. सहज म्हणाली. आईचा हात वाटीवर थांबला. आणि तितक्याच सहज, जरा चिडून आई म्हणाली,

"तो म्हने जेवाले आलो, न्यायले नाई. तू म्हनते भेटाले आली, जेवाले नाई. तुमचं कोनाचंच काही समजत नाई मले."

कूलर चालू होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, कारण दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती. वैशूनं हातातला घास खाली ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तुले ऐकू आलतं?"

"बहिरी आहो काय मी?"

"मंग हासली काऊन?"

आईनं तुपाची वाटी झाकली. ती ओशाळली नाही, रडली नाही. बाजारात भाव सांगावा तसं तिनं सांगितलं.

"सगळा हॉल हासून राह्यला होता. म्या म्हटलं, हासण्यावारी गेली गोष्ट त सकाळी घेऊन जाईन तो तुले."

"आन् नेलं असतं त?"

"त आज दोघांच्या ताटात वाढलं असतं."

वैशूनं ताटातलं सगळं खाल्लं, तिसरा धोंडाही. अन्न टाकायची सवय आमच्यात कोणालाच नाही. उठून ताट धुतलं, पालथं घातलं, आईच्या गोळ्या कोणत्या कधी ते मला पुन्हा एकदा सांगितलं. डोक्यावरून ओढणी घेतली आणि दारात चपला घातल्या. कितीही भांडण झालेलं असो, घरातून निघताना आमच्याकडं माणूस येते म्हणतं. लग्न होऊन जाणारी पोरगीसुद्धा येते म्हणते.

वैशू म्हणाली, "जाते."

आईला ते ऐकू आलं नाही असं मी यावेळी कोणाला सांगणार नाही.